डाव्या चाकाचा बोल्ट

"ओढणी कमरेला बांध आन् खाली बस," अप्पा म्हणाले.

मी तांदळाचं ताट हातात घेऊन दारातच उभी राहिले. अंगणात आमची पांढरी गाडी उघडी पडली होती. वर्षभर तिच्यावर असलेली ताडपत्री कुंपणावर टाकलेली होती आणि तिच्या घड्यांतला पालापाचोळा पायरीपर्यंत सांडला होता. गाडीच्या पुढच्या चाकापाशी अप्पांची हत्यारांची लोखंडी पेटी होती. तीही वर्षभरानं बाहेर आली होती.

"मी बसू?"

"मग काय मी? माझं गुडघं वाकत्यात का?"

अप्पांचे गुडघे ठणठणीत होते. आदल्याच आठवड्यात ते कौलं सारखी करायला छपरावर चढले होते. पण त्यांच्याशी वाद घालायची मला सवय नव्हती. ताट आत ठेवून आले, ओढणी बांधली आणि जमिनीवर टाकलेल्या पोत्यावर बसले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. धरणाच्या खात्यात, गाड्यांच्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही कोयनेच्या आसपास कुणाची गाडी कुरकुरली की माणूस आमच्या अंगणात यायचा. त्यांचा मुलगा उत्तम, माझा नवरा, कराड ते चिपळूण वडापची, म्हणजे सीटभाड्याची, जीप चालवायचा. आदल्या वर्षी सप्टेंबरात, शनिवारी सकाळी, भाडं आणायला तो रिकामी जीप घेऊन निघाला आणि कुंभार्ली घाटात एका वळणावरून जीपसकट दरीत गेला. पंचनाम्यात लिहिलं होतं, धुक्यामुळे चालकाचा ताबा सुटला. तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि आमची ऋतुजा पाच वर्षांची.

त्या दिवसापासून अप्पांनी कुणाच्या गाडीला हात लावला नाही. माणसं येत, ओट्यावर बसत, चहा घेऊन परत जात. ही पांढरी गाडी उत्तमनं घरासाठी म्हणून घेतलेली, मला चालवायला त्यानंच शिकवलेली. तिच्यावर अप्पांनी ताडपत्री घातली आणि किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवली. मी कधी मागितली नाही. आम्ही दोघं एका घरात राहायचो, जेवायचो, ऋतुजाचं करायचो, पण उत्तमचं नाव दोघांच्याही तोंडी येत नव्हतं. अप्पा माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचे. मला वाटायचं, त्यांना सगळं कळलंय. काय कळलंय ते पुढे सांगते.

"हे ब्रेकचं पॅड आणलेत," अप्पांनी एक छोटा खोका माझ्यापुढे ठेवला. "काल कराडला गेलो हुतो ते ह्याच्यासाठी."

"मला वाटलं डोळे दाखवायला गेलात."

"डोळं बरं हायेत. चाकाचं नट सैल कर. गाडी खाली हाय तवरच करायचं, वर उचलल्यावर चाक फिरतं."

ते स्टुलावर बसले, माझ्यापासून दोन हातांवर. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थंडीत लहान मुलं बसतात तसे. ऑक्टोबर महिना होता, ऊन चांगलं तापलं होतं.

मी पान्यावर पाय देऊन नट सैल केले. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक कुठे बसवायचा ते त्यांनी काठीनं दाखवलं. चाक निघालं तेव्हा ते म्हणाले, "ते आडवं करून गाडीखाली सरकव. जॅक सुटला तर गाडी चाकावर बसंल, तुझ्यावर न्हाई." मी सरकवलं.

आतलं सगळं मी पहिल्यांदाच बघत होते. मध्ये चकचकीत पोलादी थाळीसारखी डिस्क, आणि तिला चिमटीत धरल्यासारखा बसलेला कॅलिपर. पॅड त्या चिमटीच्या आत असतात. ब्रेक दाबला की ते दोन्ही बाजूंनी डिस्कला आवळतात आणि गाडी थांबते. अप्पांनी हे एवढंच सांगितलं, पण असं सांगितलं की मला परत विचारावं लागलं नाही.

"खालचा बोल्ट काढ. चौदाचा पाना. वरचा राहू दे, त्याच्यावर कॅलिपर दारासारखा उघडतोय."

बोल्ट निघता निघेना. माझ्या तळहाताचं सालटं निघालं. अप्पांचे हात मांड्यांखालून एकदा बाहेर आले आणि परत आत गेले.

"तुम्ही एकदा हिसका द्या ना," मी म्हणाले.

"तूच काढ."

काढला. जुने पॅड बाहेर आले ते झिजून नखाएवढे पातळ झालेले. एकाचं तर नुसतं लोखंड उरलं होतं आणि डिस्कवर त्यानं गोल रेघा ओढल्या होत्या. उत्तम होता तेव्हापासूनच ही गाडी ब्रेक लावला की किंचाळायची. पुढच्या रविवारी बदलू, असं तो प्रत्येक रविवारी म्हणायचा.

काम हळूहळू होत होतं आणि माझं डोकं दुसरीकडेच होतं. हे आज का? मला काही उमगत नव्हतं. एक तर, आठ दिवसांपूर्वी माझी नणंद कुसुमताई येऊन गेली होती. स्वयंपाकघरातून मी तिचं बोलणं ऐकलं होतं, "उज्ज्वलाला सावर्ड्याला पाठवा अप्पा थोडे दिवस. तिचं वय काय, इथं बसून काय करणार आहे?" सावर्डे माझं माहेर, घाटाखाली. अप्पा त्यावर काहीच बोलले नव्हते. दुसरं, मंगळवारी मला एक पत्र आलं होतं. ते मी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आज गाडीची ताडपत्री निघाली होती. बॅटरीसुद्धा चार्ज होऊन बसली होती. म्हणजे मला पोचवायची तयारी चालली होती. पण मग पोचवायचंच होतं तर स्वतः गाडी नीट करून किल्ली हातात द्यायची. माझ्याकडून का करून घेत होते? जाताजाता शिक्षा म्हणून?

"पिस्टन आत दाबायचाय," अप्पा म्हणाले. "नवं पॅड जाड असत्यात. आदी ब्रेक ऑइलचं टोपण उघड. मग क्लॅम्प लाव. सावकाश. जोर करू नगंस."

मी सावकाश फिरवत गेले. पॅडला मागून ढकलणारा तो पिस्टन थोडा थोडा आत गेला. नवे पॅड बसवताना मी एक उलटा धरला होता. अप्पा स्टुलावरून अर्धे उठले.

"लोखंड कुठल्या बाजूला हाय?"

"डिस्कच्या."

"मग डिस्कला लोखंड घासलं तर गाडी थांबंल का?"

मी उलटवून घातला. कॅलिपर खाली घेतला, बोल्ट बोटांनी फिरवून बसवला.

"आता पाना लाव."

लावला.

"आवळला?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं बोल."

"आवळला."

"परत लाव. परत बघ. सैल राहिला तर हादऱ्यानं गळतोय, मग ब्रेक लागत न्हाई."

परत लावला. तो हलायलाही तयार नव्हता. "आवळला," मी म्हणाले. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्याकडे टाकला आणि बोल्टावर रेघ ओढायला लावली. त्यानंतर चाक, चाकाचे नट, आणि प्रत्येक नटाला तेच. आवळला? तोंडानं बोल. मला वाटलं, यांना माझ्यावर एवढाही विश्वास नाही. नर्सिंगच्या परीक्षेतसुद्धा मला कुणी असं विचारलं नव्हतं.

ऋतुजा मधेच अंगणात आली. "आई, तू मेकॅनिक झालीस?" म्हणून हसायला लागली. अप्पा एकदम ओरडले, "आत जा! काम चालू असताना हिकडं यायचं न्हाई!" ते ऋतुजावर कधीच ओरडायचे नाहीत. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी तिला शेजारच्या सुतारकाकूंकडे धाडून दिलं.

मग आम्ही डाव्या चाकाकडे आलो.

इथे अप्पांनी स्टूल जवळ घेतलंच नाही. तिकडे तुळशीपाशी ठेवलं आणि तिथून बोलायला लागले. आता मला क्रम माहीत झाला होता. नट, जॅक, चाक, खालचा बोल्ट. हात काळे झाले होते, गालावर कुठेतरी ग्रीस लागलं होतं. पिस्टन दाबला, पॅड बसवले, यावेळी नीट बसवले. कॅलिपर खाली घेतला. बोल्ट बोटांनी फिरवला आणि पाना शोधायला वळले.

"थांब," अप्पा म्हणाले.

मी थांबले.

"आता काय केलंस?"

"बोल्ट बसवला."

"हातानं?"

"हातानं. पाना लावतेय आता."

"लाव. माझ्यादेखत लाव. मला दिसंल असा लाव."

ते उठून उभे राहिले होते. त्यांचा आवाज काहीतरीच झाला होता, चिडल्यासारखा आणि घाबरल्यासारखा. आणि माझा संयम संपला.

"अप्पा, एवढं आहे तर तुम्हीच या ना इकडे. एकदा स्वतःच्या हातानं बघा की! सकाळपासून मला उभं-आडवं घेताय. मला माहेरी पाठवायचं असेल तर सरळ सांगा. मी एसटीनं जाईन. त्यासाठी गाडी कशाला आणि हे सगळं कशाला?"

एवढं मी त्यांच्याशी लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"म्हायेरी? कोण म्हणलं म्हायेरी?"

"कुसुमताई म्हणाल्या. मी ऐकलं."

"कुसुम काय बी म्हणती." ते दोन पावलं पुढे आले. "तुला चिपळूणच्या दवाखान्यातनं पत्र आलंय. पोस्टमन बोलला मला. म्हणला, सूनबाईला नोकरी लागली वाटतं. मी वाट बघतोय, तू कधी सांगतीस."

पत्र खरंच नोकरीचं होतं. लग्नाआधी मी नर्सिंग केलं होतं, ते तसंच पडून होतं. दीड महिन्यापूर्वी चोरून अर्ज केला होता.

"दवाखान्यात सकाळची ड्युटी सातची असती, तवा इथनं एसटी मिळायची न्हाई," अप्पा म्हणाले. "गाडीनंच जावं लागणार. त्या घाटातनं. रोज. मग ब्रेक नगं का बघायला?"

"मग तुम्ही बघा ना! तुमच्याइतकं कुणाला येतंय? तुम्ही हात का लावत नाही?"

अप्पा पायरीवर बसले. मी पाना हातात धरून तशीच.

"जीपचं ब्रेक मी बदललं हुतं," ते म्हणाले. "गुरुवारी. शनवारी तो गेला."

ते मला माहीत होतं. त्या गुरुवारी मी घरातच होते. पण त्यात काही असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"उजवं चाक झालं. डाव्याचं पॅड घातलं, कॅलिपर खाली घेतला. खालचा बोल्ट हातानं फिरवला. तेवढ्यात ऋतुजा त्या कट्ट्यावरनं पडली. आठवतं? हनवटी फुटली."

"आठवतं."

"मी पळालो. तिला उचलली, रक्त पुसलं, हळद लावली. तू आलीस, तिला घेतलीस. मी परत आलो, चाक बसवलं, जॅक काढला." ते थांबले. "हातानं फिरवलेला आठवतोय. पाना लावल्याचं आठवत न्हाई."

कुठेतरी शेजारी कुकरची शिट्टी झाली.

"लावला असेल अप्पा. एकतीस वर्षं तेच काम केलं तुम्ही. हात आपोआप जातो."

"आसंल. आन् नसंल बी." ते आपल्या हातांकडे बघत होते. "जीप घाटाखालच्या चौकीच्या आवारात पडली हुती सात म्हयनं. तीनदा गेलो बघायला. त्या चाकापाशी वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. बोल्ट हाय का न्हाई, एवढंच बघायचं हुतं. तिन्ही बारीला फाटकापासनं माघारी आलो. मग ती भंगारात गेली. आता कुणालाच कळायचं न्हाई." मग एकदम म्हणाले, "ऋतुजाला हे कधी सांगू नगंस. ती पडली हुती म्हणून, हे तिच्या कानावर जायला नगं."

म्हणून हात मांड्यांखाली. म्हणून तोंडानं बोल. आणि वर्षभर भिंतीकडे बघणं, तेसुद्धा माझ्यावरच्या रागानं नव्हतं. मी सकाळपासून जे जे समजत होते ते सगळं चुकीचं होतं. आणि आता जे मला सांगावं लागणार होतं ते वर्षभर मी घशात धरून ठेवलं होतं.

"अप्पा, तुमचा बोल्ट नव्हता तो," मी म्हणाले. "तो फोनवर होता. माझ्याशी."

त्यांनी मान वर केली.

मी सांगायला लागले. शुक्रवारी रात्री आमचं भांडण झालं होतं. नोकरी करण्यावरूनच. मला करायची होती, तो नको म्हणत होता. सकाळी तो चहा न घेता निघाला. मी दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाला, "घाटात आहे, एका हातानं चालवतोय, नंतर बोल." मी म्हणाले, "नंतर नाही, आत्ता." तो काहीतरी बोलला, रागानं. मग एक आवाज झाला आणि फोन बंद पडला. घाटात रेंज जाते, तशी गेली असं मला वाटलं. मी फोन गादीवर फेकला आणि भांडी घासायला गेले. पाऊण तासानं माणसं आली.

सांगताना मी रडले नाही. पान्याकडे बघून बोलत होते. "मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला कळलंय असं वाटायचं मला."

झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं वाटून मी डोळे मिटले. अप्पा ओरडतील, आत निघून जातील, नाहीतर खरंच म्हणतील, जा सावर्ड्याला.

पायरीवरून उठल्याचा आवाज आला. मग माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"पोरी," अप्पा म्हणाले, "आसं करू नगंस."

मी डोळे उघडले. "काय?"

"माझं वझं तू घेऊ नगंस. तुझं काळीज मला कळलं. पण आसं खोटं बोलायचं न्हाई. मेलेल्या माणसाच्या नावावर तर न्हाईच."

"अप्पा, खरं सांगतेय मी."

"उत्तम गाडी चालवताना फोन घेत न्हवता. मी शिकवलाय त्याला. बारा वर्षांत एकदा घेतला न्हाई. गाडी बाजूला घ्यायचा, मग बोलायचा."

"त्या दिवशी घेतला!"

"बरं," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं. "बरं. घेतला." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात इतकी माया होती की मी गोंधळून गेले. त्यांनी माझ्या हातातला पाना बघितला. "आता तो बोल्ट आवळ. मघापासनं लोंबतोय."

मी आवळला. तोंडानं बोलले. रेघ ओढली. चाक बसवलं.

गाडीत बसून किल्ली फिरवणार तर अप्पांनी खिडकीतून हात आत घातला. "चालू करायची न्हाई. आदी पेडल मार. पिस्टन आत गेलेत, पहिल्यांदा पेडल रिकामं जातंय. घट्ट लागंपतूर मारत राहायचं." मी दाबलं तर पेडल खरंच तळाशी गेलं, काहीच नसल्यासारखं. दुसऱ्यांदाही. पाचव्या-सहाव्या वेळी कुठे पायाला काहीतरी लागलं. मग ते शेजारी येऊन बसले आणि आम्ही फाट्यापर्यंत जाऊन आलो. जाताना त्यांनी मला सातदा ब्रेक लावायला लावला. गाडी सरळ थांबत होती, आवाज न करता. परत येताना अप्पा नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. ऋतुजाच्या शाळेचं, वर्कशॉपातल्या कुणा साहेबाचं, काहीबाही. माझ्या कानात शिरत नव्हतं. मी खरं बोलले होते आणि कुणीतरी ते हळूच उचलून माझ्याच ओटीत परत घातलं होतं, आणि त्याबद्दल आभारही मानले होते.

पुढे मी ती नोकरी घेतली. अकरा वर्षं त्या घाटातून गेले-आले. ते वळण दिवसातून दोनदा लागायचं. त्यानंतर चार वेळा मी त्या गाडीचे पॅड बदलले, अप्पा स्टुलावर बसून, मी पोत्यावर. त्यांनी हात कधीच लावला नाही.

पण बाकी सगळं बदललं. ते माझ्याशी बोलायला लागले. पहाटे मी निघायच्या आधी माझा डबा ते भरून ठेवायचे. कुसुमताई परत काही बोलायला लागली तर म्हणाले, "ती माझी लेक हाय. तिच्यासारखं काळीज तुमच्यात कुणाचं न्हाई." घर त्यांनी माझ्या नावावर केलं.

ते फोनचं त्यांना पटवायचा मी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. एकदा दिवाळीत, एकदा ते आजारी असताना. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. "झालं ते बोलणं." फोन कंपनीकडून त्या सकाळच्या कॉलची यादी काढता आली असती. सुरुवातीला तसं मनात होतं. कागदच पुढे ठेवला असता तर मानावंच लागलं असतं. पण मग पहाटेचा डबा, आणि डोक्यावरचा तो हात, हेही गेलं असतं. आज काढू, उद्या काढू करता करता नंतर ती यादी मिळणंही शक्य राहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही कुठे माहीत होतं? फोन होता हे खरं. पण तो आवाज झाला तेव्हा हातात फोन होता म्हणून झाला, की ब्रेकवर पाय दिला आणि पेडल रिकामं गेलं म्हणून झाला, हे मी तरी कशावरून सांगणार?

अप्पा सत्याहत्तराव्या वर्षी गेले. झोपेतच. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. ऋतुजा तेव्हा सतरा वर्षांची, कराडला कॉलेजात. जायच्या आदल्या दुपारी बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"अप्पा मला एकदा म्हणाले होते, तुझी आई एकदा माझ्यासाठी खोटं बोलली. एवढं मोठं खोटं कुणी कुणासाठी बोलत नाही. कसलं गं ते?"

मी तिच्या हातातली घडी काढून घेतली आणि तिला खाटेवर बसवलं. तिला कळायला हवं होतं. तिचा बाप होता तो. मी तिला सगळं सांगितलं. रात्रीचं भांडण, तीन फोन, मी म्हटलेलं "आत्ता", तो आवाज. अप्पांना बोल्ट आठवत नव्हता तेही सांगितलं. ती कट्ट्यावरून पडली होती, तेवढंच गाळलं. म्हटलं, मधे कुणीतरी हाक मारली म्हणून ते उठले होते.

माझं झाल्यावर ती जवळ सरकली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरले होते, आणि ती माझ्याकडे बघत होती ते अगदी अप्पांसारखं.

"आई," ती म्हणाली, "अप्पांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, तिला विचारलंस तर ती तुलाही तेच खोटं खरं म्हणून सांगेल."

मी माझा हात सोडवून घेतला, तिची ती राहिलेली घडी उचलली आणि बॅगेत ठेवली.